लुनापासून ई-लुनापर्यंत
पायडल मारून सुरू करायची आणि पेट्रोल संपल्यास सायकलीसारखी हाकत न्यायची छोटी दुचाकी, म्हणजेच मोपेड, महाराष्ट्रात रुळली ती 1972 साली कायनेटिक इंजिनिअरिंगने पियाज्योच्या ‘चाव’ या इटालियन गाडीच्या धर्तीवर परवान्याने काढलेल्या 50 सीसी लुनामुळे. स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागण्याच्या त्या काळात, गियर नसलेल्या आणि क्लच आपोआप लागणाऱ्या या गाडीने स्त्रियांना व विद्यार्थ्यांना जी मोकळीक दिली, तेच तिचे खरे मोठेपण होय. पुढे दुचाकी विजेवर चालू लागल्या: पुण्याजवळच्या आकुर्डीत, जिथे पूर्वी पेट्रोलवरची चेतक स्कूटर तयार होत असे, तिथे 2022 मध्ये बजाजने विजेवरच्या चेतकचा कारखाना उभारला. बॅटरीवरची ई-लुना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, मात्र तिला पायडल नाही.