कसब्याचा बाजार आणि गावाची वही

जुन्या काळी खेड्यातील माणसाचे गावाबाहेर जाणे दोन कारणांनी होत असे. एक देवाच्या यात्रेला आणि दुसरे आठवड्याच्या बाजाराला. यात्रा वर्षातून एकदा, तर बाजार दर आठ दिवसांनी. त्यामुळे गावाचे शहाणपण, सोयरिकी, भांडणे आणि उधारी यांचा बराचसा इतिहास बाजाराच्या वाटेवरच घडला आहे. पूर्वीच्या भीमथडी तालुक्यात, म्हणजे आजच्या बारामती व दौंड तालुक्यांच्या मुलखात, कसबे सुपे हे असे बाजाराचे मोठे गाव होते. श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या शुभ प्रसंगी मंदिराच्या दगडांबरोबर त्या जुन्या व्यवहाराचीही आठवण व्हावी, म्हणून ही हकीकत येथे दिली आहे.

कसबा, पेठ आणि कौल

सरकारी दप्तरात गावाच्या नावामागे ‘मौजे’ किंवा ‘कसबे’ असा शब्द लिहिलेला आढळतो. मौजे म्हणजे शेतकऱ्यांचे साधे गाव. कसबा म्हणजे परगण्याचे मुख्य ठिकाण. तेथे कचेरी, बाजार व कारागिरांची वस्ती असे. शहाजीराजांची जहागीर ‘पुणे-सुपे’ या जोडनावाने ओळखली जाई, यावरून सुप्याचे महत्त्व ध्यानात येते. पुढे १६५६ साली शिवाजी महाराजांनी संभाजी मोहिते यांच्याकडून सुपे आपल्या ताब्यात घेतले.

कसब्याला लागून व्यापाऱ्यांची वस्ती झाली की तिला पेठ म्हणत. पेठ आपोआप वसत नसे, ती वसवावी लागे. त्यासाठी सरकारातून कौल दिला जाई. कौल म्हणजे अभयाचे लेखी वचन. नव्याने येणाऱ्या वाणी-उदम्यास काही वर्षे कर माफ असे व पुढे तो इस्ताव्याने, म्हणजे दरसाल थोडा थोडा चढवीत, पुऱ्या दरावर आणला जाई. खेड्याचा कारभार जसा पाटील-कुलकर्णी पाहत, तसा पेठेचा कारभार शेटे व महाजन हे वतनदार पाहत. दुकानदारांना जागा नेमून देणे, मापांवर नजर ठेवणे, तंटे मिटविणे, ही त्यांची कामे. त्याबद्दल बाजारात आलेल्या मालातून त्यांना ठराविक हक्क मिळे. धान्याच्या पोत्यातून मूठभर धान्य घेत, त्यास फसकी म्हणत.

महाजनकी ही केवळ मानाची जागा नव्हती. देहूची महाजनकी संत तुकाराम महाराजांच्या घराण्यात होती. दुष्काळाचा घाला पडल्यानंतर महाराजांनी कुळांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत सोडली. मात्र धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची अर्धी खते त्यांना वेगळी काढून दिली, ही कथा वारकऱ्यांच्या घरोघरी सांगितली जाते. आपले येणे सोडावे, पण दुसऱ्याच्या वाट्याला हात लावू नये, असा व्यवहाराचा धडा या कथेत आहे.

बाजाराचा दिवस

सुप्याचा बाजार बुधवारचा. आसपासच्या खेड्यांतून पहाटेच बैलगाड्या जुंपल्या जात. ज्याच्याकडे गाडी नाही तो डोक्यावर पाटी घेऊन निघे. बाजरी, ज्वारी, हुलगे, मटकी यांची पोती एका अंगाला. मीठ, मिरची, गूळ, तेल दुसऱ्या अंगाला. धनगरांची घोंगडी, कोष्ट्यांची लुगडी, कासाराच्या बांगड्या, तांबोळ्याची पाने, कुंभाराची गाडगी-मडकी, दोरखंड आणि शिंकी, अशा प्रत्येक मालाची जागा वर्षानुवर्षे ठरलेली असे. नवखा माणूससुद्धा वासावरून मिरचीबाजार व आवाजावरून लोहारआळी शोधून काढी.

मीठ हा सर्वांत दुरून येणारा माल. कोकणातील मिठागरांचे मीठ वंजारी लोक बैलांच्या पाठीवर लादून घाट चढवून देशावर आणीत व परत जाताना धान्य नेत. त्यांचा तांडा म्हणजे शेकडो बैलांची चालती वखारच असे. रेल्वे आल्यावर हा धंदा बसला. १८६० साली पुण्याहून निघालेले रूळ सोलापूरपर्यंत पोचले. केडगाव, पाटस, दौंड ही गावे रुळांवर आली आणि सुपे बाजूला राहिले. स्टेशनाजवळ नव्या पेठा वाढल्या, पण आठवड्याचा बाजार मात्र कसब्यानेच टिकवून धरला.

बाजारात रोख पैसा फारसा हिंडत नसे. बाईने घरून आणलेले शेर-दोन शेर धान्य, तूप किंवा अंडी द्यावीत आणि मीठमिरची घ्यावी, असाच व्यवहार बहुतेक चाले. खेड्यातल्या सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट आदी बलुतेदारांना सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते मिळे. बाजारात विकत घ्यावयाचे ते गावात न पिकणारे व न बनणारे तेवढेच. माल विकून झाला की निम्मा दिवस माणसे बोलण्यात घालवीत. सोयरीक जुळविणे, बैल पारखणे, पावसाची खबर घेणे, सरकारी हुकमाची दवंडी ऐकणे, हे सारे बाजारातच होई.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या हातांनी दवंडी दिली, वेशीची राखण केली, मोटेचे चामडे शिवले, त्या हातांना देवळाच्या पायरीवर व पाणवठ्यावर मज्जाव होता. त्यांचा माल व श्रम चालत, पण स्पर्श चालत नसे. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण केले व त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द होऊन वेठीचे जोखडही उतरले. आज कोणत्याही जीर्णोद्धारात सर्व आळ्यांचा हातभार लागतो, त्यामागे एवढा इतिहास आहे.

माप आणि नाणे

आजच्या मुलांना किलो आणि लिटर ठाऊक. त्यांच्या आजोबांना मात्र पुढील कोष्टक तोंडपाठ असे. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली, दोन अधोल्या म्हणजे एक पायली, बारा पायल्यांचा एक मण आणि वीस मणांची एक खंडी. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत व पुढे दोन, तीन असे मोजीत. माप शिगोशीग भरावयाचे की सपाट, हे आधी ठरे. हा लहानसा वाटणारा फरक पोत्यामागे पायलीभर धान्य इकडचे तिकडे करी. शिवाय शेर सर्वत्र सारखा नसे. म्हणून मराठी अमलात मापांवर सरकारी छाप मारण्याची पद्धत होती व त्यावरील कराला बटछपाई म्हणत.

नाण्यांचेही तसेच होते. पेशवाईत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत आणि प्रत्येकाचा भाव वेगळा असे. खरे-खोटे पारखण्यास पोतदार बसे व हलक्या नाण्यावर बट्टा कापला जाई. पुढे इंग्रजी अमलात रुपया एक झाला. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा व तीन पैंचा पैसा हा हिशेब १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत चालला. मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली.

माप व नाणे यांत एक गोष्ट समान होती. दोन्ही चारचौघांच्या डोळ्यांसमोर चालत. माप उणे पडले तर गिऱ्हाईक तेथल्या तेथे ओरडे आणि शेटे-महाजनांना निवाडा करावा लागे. परंतु बाजारातील तिसरी वस्तू अशी डोळ्यांसमोर नव्हती. ती वस्तू म्हणजे सावकाराची वही.

वही आणि खत

पेरणीला बी, बैलाला पेंड, मुलीचे लग्न, सरकारचा सारा, या चार वेळांना कुणबी सावकाराकडे जाई. सावकार हाही बाजाराचा आवश्यक घटक होता. त्याच्यावाचून कोरड्या वर्षी शेत पेरले गेले नसते, हे खरे आहे. व्याजाला ‘दामदुपट’ या जुन्या नियमाने मर्यादा होती. व्याजाची मागणी मुदलापेक्षा अधिक होऊ नये, असा तो नियम. तंटा झाल्यास पंचायत बसे आणि पंचांना दोन्ही घरांची परिस्थिती ठाऊक असे.

इंग्रजी अमलात दिवाणी कोर्टे आली. तेथे पंचांच्या माहितीपेक्षा लेखी खताला किंमत होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. ऋणकोला जुन्या कर्जाचा जाच होऊ नये, हा हेतू. परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढू लागले. समजा, एखाद्याने ५० रुपये दरमहा दर शेकडा २ रुपये व्याजाने घेतले. तीन वर्षांचे व्याज ३६ रुपये. नवे खत ८६ रुपयांचे. आणखी तीन वर्षांनी तेच खत सुमारे १४८ रुपयांचे होई. दामदुपटीच्या हिशेबाने १०० रुपयांच्या वर मागता आले नसते. खताखाली अंगठा करणाऱ्यास वाचता येत नव्हते, त्यामुळे त्याला हे कळे ते कोर्टाचा बेलिफ दारात उभा राहिल्यावरच.

त्यातच काळ पालटला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने कापसाला सोन्याचा भाव आला व कर्जे सहज मिळाली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास जमिनीची फेरआकारणी होऊन सारा वाढला. सावकार हात आखडू लागले, जप्त्या वाढल्या.

१२ मे १८७५

पहिली ठिणगी शिरूर तालुक्यातील करडे गावी पडली. डिसेंबर १८७४ मध्ये तेथील एका सावकाराने हुकूमनामा मिळवून एका देशमुखाचे घर घेतले व पाडले. गावाने हाणामारी केली नाही. त्याच्या दुकानातून माल घेणे, त्याच्याकडे चाकरी करणे, हजामत व पाणी भरणे, सारे बंद केले. शेवटी त्यास गाव सोडावे लागले. हा बहिष्कार गावोगाव पसरला.

सुप्यात १२ मे १८७५ रोजी, बुधवारी, भर बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर व घरांवर तुटून पडले. मालाची लूट झाली, एका घराला आगही लागली. परंतु जमावाचा खरा रोख कागदांवर होता. खते व वह्या बाहेर काढून जाळण्यात आल्या. पुढील दिवसांत हे लोण भीमथडी, इंदापूर, पुरंदर, शिरूर व नगर जिल्ह्यातील गावांत गेले. जेथे सावकाराने खते मुकाट्याने हवाली केली, तेथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. लष्कर बोलवावे लागले आणि नऊशेहून अधिक माणसे धरली गेली.

खते जळाली तरी दैन्य जळाले नाही. दुसऱ्याच वर्षी, १८७६ साली, पाऊस गेला आणि मोठा दुष्काळ पडला. दौंड-मनमाड रेल्वेच्या दुष्काळी कामावर माणसे गेली. सरकारने चौकशी समिती नेमली व तिच्या अहवालानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा पुणे, नगर, सातारा व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. खत गावनोंदणी कामगारापुढे वाचून दाखवून करावे, कर्ज फेडल्याची पावती द्यावी, नव्या खतापाठीमागचा पहिल्यापासूनचा हिशेब न्यायाधीशाने तपासावा, अशी त्यातील कलमे होती. सारांश, बंद दाराआडची वही चारचौघांत आणावी, एवढेच त्या कायद्याचे मर्म. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. तेथे तर वही सभासदांच्याच मालकीची झाली. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकारास परवाना व हिशेब ठेवणे बंधनकारक केले.

आजचा बोध

या शंभर-सव्वाशे वर्षांच्या हकीकतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. कसब्याचा बाजार भांडवलापेक्षा परस्परांच्या विश्वासावर उभा होता आणि तो विश्वास उघड्या मापाने व उघड्या लेखणीने टिकत होता. लेखणी एका हाती गेली, वाचणारा एकच उरला, तेव्हा पिढ्यान् पिढ्यांचे शेजारी वैरी झाले. त्यात सावकाराचे घर गेले, कुणब्याला तुरुंग मिळाला आणि बाजार उजाड झाला. लाभ कोणाचाच झाला नाही.

सार्वजनिक कामाला हाच नियम लागू आहे. मंदिराचा दगड दात्यांच्या पैशाने बसतो. पण तो टिकतो हिशेबाच्या चोखपणावर. कोणी हजार दिले, कोणी पायलीभर धान्य दिले, कोणी चार दिवस श्रमदान केले. वर्गणीची वही देवळाच्या ओसरीवर सर्वांना पाहण्यास खुली असावी, शिक्षण नसलेल्या वृद्धासही ती वाचून दाखवावी आणि शिल्लक पैशापैशाने सांगावी. असे झाले तर जीर्णोद्धार दगडाचा तसाच गावाच्या एकीचाही होईल.

सर्व ग्रामस्थांच्या व दात्यांच्या घरी धान्याची रास सदैव ‘लाभ’ या शब्दाने मोजली जावो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.