पोतदाराची खूण आणि सत्तरांपैकी गुण

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी चांदीचे रुपये चिंचेने घासून काढायचे, हे काम आमच्या कड्याच्या घरात लहानपणापासून माझ्याकडे होते. आजीच्या पितळी डब्यात सतरा रुपये. अकरा कलदार, पाच हाली आणि एक वेडावाकडा, जाड, हाताने पाडलेला. त्याच्या कडेला छिन्नीचे बारीक घाव. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि जुन्या धोतराचा तुकडा एवढ्यावर सगळे लख्ख होत आणि पूजेच्या पाटावर चढत.

गेल्या वर्षी पुण्याचा भाचा दिवाळीला आला होता. त्याला नाणी जमवण्याचा नाद आहे. माझ्या हातातली चिंच पाहून तो ओरडलाच, "मामा, थांबा! हजारोंचं नुकसान करताय!" मग त्याने समजावले. अमेरिकेतल्या कंपन्या नाणे तपासतात, सत्तरांपैकी गुण देतात आणि ते प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून पाठवतात. अशा डबीतल्या नाण्याला लिलावात वेगळा भाव येतो. घासलेल्या नाण्याला मात्र गुणच मिळत नाहीत, नुसता 'साफ केलेले' असा शेरा मिळतो. प्रश्न त्याचा साधा होता : कोणत्या कंपनीकडे पाठवायचे? उत्तर शोधता शोधता मी वर्षभर भलतीकडेच वाचत गेलो, त्याचा हा वृत्तान्त.

विकणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्याच माणसाने नाण्याची पारख करायची, ही गोष्ट आपल्याकडे मुळीच नवी नाही. त्या तिसऱ्या माणसाला आपण पोतदार म्हणत होतो. फारसी 'फोतेदार'वरून आलेला हा शब्द. पोते म्हणजे खजिन्याची थैली. सरकारात भरणा होणारे प्रत्येक नाणे तपासणे हे त्याचे काम. मोल्सवर्थच्या कोशात त्याचा हा अर्थ आहेच, शिवाय गावचा सोनार तोच, अशीही नोंद आहे. आज पोतदार, पारखी, सराफ ही नुसती आडनावे उरली आहेत.

त्याची गरज का होती, हे समजायला पेशवाईतला बाजार डोळ्यांसमोर आणावा लागतो. नाणी पाडण्याचे काम सरकार खासगी माणसांना परवान्याने देई. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत. कशात चांदी जास्त, कशात कमी. मोगली पद्धतीत तर चालू सालाचा 'सिक्का' वेगळा आणि मागच्या सालांचा 'चलनी' वेगळा. नाणे जुने झाले की नुसत्या वयापायी त्याची किंमत उतरे. ही उतरलेली रक्कम म्हणजे बट्टा. 'नावाला बट्टा लागला' असे आपण सहज म्हणतो, ते या सराफकट्ट्यावरून उचललेले आहे. 'वाजवून घेणे' हेही तिथलेच. पोतदार रुपया दगडावर टाकून त्याचा आवाज ऐके, कसोटीवर कस पाही, काट्यावर तोळा-मासा-गुंजांत तोली. तरीही शंका उरली, तर कडेला छिन्नीचा घाव घाली. वर चांदीचा मुलामा आणि पोटात तांबे असले, तर तिथे उघडे पडे. आमच्या वेड्यावाकड्या रुपयावरचे घाव ते हेच.

गंमत अशी की त्या काळी हा घाव नाण्याची पत वाढवणारा होता. कोणीतरी जाणत्याने आत डोकावून पाहिले आहे, असा तो दाखला. आजच्या कंपनीच्या लेखी तोच घाव म्हणजे इजा. चिंचेची चमकही इजा, आणि माळेत ओवायला लावलेली कडीही इजाच. पोतदार विचारी, आत चांदी किती? कंपनी विचारते, वरून झिजले किती? प्रश्नच बदलला आहे.

तो बदलला यंत्रामुळे. १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला म्हणून तो 'कलदार'. एकासारखा दुसरा. त्याला वाजवून काय घ्यायचे?

आमचा भाग मात्र निजामाच्या राज्यात. पलीकडे नगर जिल्हा १८१८ पासून इंग्रजी, आणि जामखेडसारख्या इंग्रजी तालुक्यातली गावे तर मोगलाईत विखुरलेली. त्यामुळे नगरच्या बाजारात माल विकला की हाती कलदार येई आणि इकडचा सारा हाली सिक्क्यात भरायचा. एका माणसाच्या कनवटीला दोन राज्यांचे रुपये. हालीचा भाव आधी खालीवर होई. पुढे तो स्थिरावला तेव्हा शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा हिशेब बसला. म्हणजे सहा कलदारांना सात हाली. हा विचित्र आकडा कुठून आला म्हणून मी कागदावर मांडून पाहिले. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा ८१.८, म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. कलदारात १०.६९ ग्रॅम. भागाकार येतो १.१७ च्या आसपास. सात भागिले सहाही तेवढेच! सरकारांनी कागदावर लिहिलेला भाव आणि काट्यावरचा भाव इतका जवळ असावा, याचा मला आनंदच झाला. १९५० नंतर भारतीय रुपया इथे आला तोही याच सातास सहा या हिशेबाने. हालीची कायदेशीर मान्यता १९५९ मध्ये संपली आणि ती नाणी डब्यांत जाऊन बसली.

नाणे डब्यात गेले की ते पैसा राहत नाही, वस्तू होते. वस्तूची पारख वेगळी. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी बसवली. सत्तर गुणांच्या नाण्याला एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत, असा त्यामागचा त्या वेळचा ठोकताळा होता. भाव केव्हाच बदलले, पट्टी राहिली. पुढे तिकडचे व्यापारी आपल्याच मालाला आपणच गुण देऊ लागले आणि बाजाराचा विश्वास उडाला. त्यातून १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी उभ्या राहिल्या. नाणे अस्सल असल्याची हमी, क्रमांक घातलेली बंद डबी आणि तो क्रमांक पडताळण्याची सोय, हे या दोघींचे भांडवल. स्वतःच डबी छापून स्वतःच सत्तर गुण लिहिणारेही बाजारात आहेत. तिथे 'तिसरा' माणूसच नसतो.

मग आमच्या डब्याचे काय करायचे? सगळ्यात आधी कायदा आडवा येतो. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. गुण घ्यायलाही नाही. ही रेषा दर दिवाळीला एक वर्ष पुढे सरकते. पाच हाली रुपयांवर चारमिनार आहे. त्याच्या कमानीत बारीक अरबी अक्षर असते. 'मीम' असले तर महबूब अली खानाचे, म्हणजे १९११ च्या आधीचे. 'ऐन' असले तर उस्मान अली खानाचे. भिंगाखाली पाहिले, पाचांतही 'मीम' निघाला. ते घरीच राहणार.

हाताने पाडलेल्या रुपयाला तर सत्तरांची पट्टीच लागू पडत नाही, असे माझे मत झाले. त्या काळी ठसा मोठा आणि चकती लहान. म्हणून अर्धी अक्षरे चकतीबाहेर जात. जाणकार तिथे झीज पाहत नाहीत. टांकसाळीचे नाव आले का, साल आले का, खूण कोणती, हे पाहतात. त्यासाठी माहेश्वरी आणि विगिन्स यांचे मराठा टांकसाळींवरचे १९८९ चे पुस्तक आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासूनची नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. आमच्या रुपयावर अंकुशाची दांडी तेवढी दिसते. त्याला घेऊन अंजनेरीला जायचे ठरवले आहे. प्लास्टिकची डबी त्याला काय सांगणार?

राहिले अकरा कलदार. दहा साधे. एखाद्या साध्या रुपयाला कंपनीची फी आणि टपालखर्च भरणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. पण अकरावा निघाला सहाव्या जॉर्जचा, १९३९ चा. हे साल दुर्मीळ आणि म्हणूनच बनावटीचे. १९३८ च्या आठाचा कोरून नऊ करणारे कारागीर आहेत. इथे मला, भाच्याला किंवा पेठेतल्या दुकानदाराला वाटून उपयोग नाही. दुकानदाराला तर तो विकत घ्यायचा आहे. कायद्याची आडकाठी त्याला अजून तेरा-चौदा वर्षे नाही. कंपनी निवडताना मी एवढेच पाहिले की ती स्वतः नाणी विकते का आणि चूक निघाली तर भरपाई कोण देते. किती उदारपणे गुण देते हे विचारले नाही, भाच्याला मात्र तेच विचारायचे होते.

वजन आम्ही गावातल्या सोनाराकडे करून घेतले. ते बरोबर भरले. त्याने सवयीने रुपया फरशीवर टाकायला हात वर केला, तेव्हा भाच्याने तो वरच्यावर झेलला. सोनार मनापासून रागावला. आवाज ऐकल्याशिवाय खरे-खोटे कसे सांगायचे, म्हणाला.

रुपया गेला आहे, उत्तर अजून यायचे आहे. यंदा पाटावर सोळाच असतील. चिंच भिजत घातली आहे.