टायर कधी बदलायचे? जर्मनीतल्या एका नियमाची गोष्ट

मी म्युनिकमध्ये कोडिंग करतो. इथल्या पहिल्याच नोव्हेंबरात सकाळी सिग्नलला ब्रेक दाबला, आणि गाडी थेट झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन थांबली. समोर सायकलवर एक आजी. थोडक्यात वाचल्या. बर्फ नव्हता हो, नुसतं गोठलेलं दंव. आणि माझे टायर समरचे.

मग शोधलं, कायद्यात तारीख आहे का? नाही! २००६ पासून नियम एवढाच होता, की टायर हवामानाला 'योग्य' हवेत. योग्य म्हणजे काय? समर टायरवर घसरलेल्या एका ड्रायव्हरला दंड झाला, प्रकरण ओल्डेनबुर्गच्या वरच्या कोर्टात गेलं. २०१० च्या जुलैमध्ये कोर्ट म्हणालं, इतका मोघम नियम घटनेत बसत नाही. बरोबरच आहे, असं स्पेसिफिकेशन मला कुणी दिलं तर मीही परत पाठवीन. डिसेंबरमध्ये नवा नियम आला. त्यात निसरडा बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेलं दंव अशी यादी आली, टायरचा प्रकारही आला. तारीख नाहीच!

लोकांचा हिशोब मात्र जुना: 'ओ ते ओ'. म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, आपल्या भाषेत ईस्टर. आता ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल कधीही येतो, गणपतीसारखाच सरकतो. दुसरा हिशोब ७ अंशांचा. त्याखाली समर टायरचं रबर कडक व्हायला लागतं, पकड कमी होते, असं मानतात.

मी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातलीच अपॉइंटमेंट घेतो. पहिलं दंव पडलं की गॅरेजवाल्यांचा फोन लागत नाही.