पैनगंगेच्या दोन तीरांवरची तालीम

तालीम हा शब्द मूळचा अरबी. तिकडे त्याचा अर्थ शिकवण एवढाच. मराठीने तो उचलला आणि लाल मातीच्या हौद्यापाशी नेऊन बसवला. वस्ताद हाही फारसीतल्या उस्तादाचा आपल्या जिभेवर घासून गोल झालेला शब्द. चिनी भाषेतल्या कुंगफूची गोष्ट अशीच आहे. वेळ आणि मेहनत घालून कमावलेले कसब, हा त्याचा जुना अर्थ. मारामारीची विद्या हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या रोजच्या सरावाला ‘श्रम’ म्हटले आहे: वजनाचा तो भारश्रम, खांबावरचा तो स्तंभश्रम. आजचा मराठवाडा त्या काळी याच चालुक्यांच्या छत्राखाली होता. दूरदूरच्या दोन भूमींनी शरीरविद्येला नाव देताना मेहनतीकडेच बोट दाखवले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्याला आज ताय-ची किंवा छीगोंग ही चिनी श्वासाची साधना शिकायची असेल, तर बाहेरच्या जाणत्या शिक्षकाचे चार दिवसांचे शिबिर गाठणे हाच बहुधा त्याचा मार्ग असतो. चार दिवसांत कुठे विद्या येते का, असे म्हणून अशा शिबिरांना नाके मुरडली जातात. माझे म्हणणे असे, की शिबिर ही शरीरविद्येची जुनी आणि प्रामाणिक वाट आहे, पण ते टिकते मागे रोजची तालीम असेल तिथेच. हे पटवायला पुरावा हवा, आणि तो हिंगोलीच्या आसपासच सापडतो.

आधी मल्लखांब घेऊ. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आले, त्यांच्या आव्हानाला उत्तर देण्यासाठी बाळंभटदादा देवधरांनी सप्तशृंगीला साधना केली आणि तिथे मल्लखांबाची युक्ती त्यांना गवसली, अशी आख्यायिका आहे. तिच्यातला दैवी भाग बाजूला ठेवू. स्तंभश्रम तर सोमेश्वराच्या काळीही होता, तेव्हा बाळंभटदादांचे श्रेय खांब शोधून काढण्याचे नसून विस्मरणात गेलेल्या कलेला शिस्त आणि शिष्य देण्याचे आहे. तरी या कथेचा गाभा मला खरा वाटतो. घरच्या विद्येला जाग आली ती परमुलखातल्या माणसाने आव्हान दिल्यावर. स्वतःच्याच हौद्यात घुमत राहिलेल्या पहिलवानाला आपली खोट दिसत नाही. ती दाखवायला पाहुणा लागतो.

आता हिंगोलीकडे येऊ. हिंगोली ही निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना ही शहरातली नावे त्या दिवसांची खूण सांगतात. या फौजेचा खर्च निजामाला पेलेना, थकबाकी वाढत गेली, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. म्हणजे हिंगोलीसारख्या छावण्यांच्या खर्चापायी, वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्यामधल्या पैनगंगेच्या दोन तीरांवर दोन राज्यकारभार आले. शरीरविद्येच्या इतिहासात या रेषेला मोठे वजन आहे. पलीकडे अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्यातूनच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. मंडळाच्या उन्हाळी वर्गांना गावोगावची तरुण मुले येत, लाठी, मल्लखांब, लेझीम, कुस्ती शिकत आणि परत जाऊन आपल्या गावात शिकवत. वस्तादाच्या घरी बारा वर्षे राबण्याच्या रिवाजातून काही आठवड्यांच्या वर्गाकडे झालेले हे वळण त्या काळी लहान नव्हते. बडोद्यात माणिकरावांनी एकाच वेळी शेकडो मुलांना देशी हुकुमांवर कवायत शिकवण्याची पद्धत आधीच बसवली होती. त्यांच्याकडे शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत नेले. गुरूच्या खोलीत राहणारी विद्या वर्गात आली, फळ्यावर आली, पुस्तकात आली.

अलीकडच्या तीरावर हे इतके सोपे नव्हते. निजामी राज्यात सभा, मिरवणुका, खासगी शाळा यांवर निर्बंध होते, आणि १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहामागच्या तक्रारींत आखाड्यांवरच्या बंधनांचीही तक्रार होती. आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या पुरजळचे केशवराव कोरटकर त्याआधीच्या काळात हैदराबादेत आर्य समाजाचे आणि शिक्षणाचे काम करत होते, तेही अशाच वातावरणात. आखाड्याला सरकार का भीत होते, हे कळायला फार विचार नको. जिथे पोरे रोज एकत्र येतात, एका आवाजावर हलतात आणि एका माणसाचे ऐकतात, तिथे नुसत्या बैठकाच घडत नाहीत. पण या भीतीची दुसरी बाजू आपण विसरतो. बंधन रोजच्या तालमीवर आले की बाहेर जाऊन शिकून येणाऱ्याची किंमत वाढते. जवळचा वर्ग पुरेसा नसेल तर माणूस नदी ओलांडतो. आज हिंगोलीचा विद्यार्थी पुण्याची गाडी पकडतो, तसाच.

चीनमध्येही याच दशकांत हेच घडत होते. तिथे मुष्टिविद्या घराण्यांत, गावांत आणि मठांत बंद होती. शिष्याला वर्षानुवर्षे पाणी भरावे लागे. १९१० मध्ये शांघायला चिंगवू संस्था निघाली आणि अनेक घराण्यांचे शिक्षक एका छपराखाली शिकवू लागले. १९२८ मध्ये नानजिंगला सरकारी संस्थाही आली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने चीनचे पथक, त्यात स्त्रियाही होत्या, आपली विद्या दाखवायला युरोपात गेले, आणि त्याच वर्षी अमरावतीच्या मंडळाचे पथकही बर्लिनमध्ये कबड्डी-मल्लखांब दाखवत होते. छीगोंग हे नाव तर आणखी नवे. ल्यू ग्वेइचन हा तरुण १९४७ च्या सुमारास पोटाच्या दुखण्याने खंगला, गावाकडच्या वडीलधाऱ्याकडून श्वासाची साधना शिकला आणि बरा झाला. १९५० च्या दशकात तांगशान आणि बेइदाइहे इथे छीगोंग या नावाने या साधनेची आरोग्यभुवने निघाली. गुरूच्या तोंडची विद्या तिथे वर्गात, रुग्णांच्या रांगेत आली. माणिकराव, वैद्य बंधू आणि कुवलयानंद यांनी केले त्याहून हे वेगळे नव्हते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. नामदेवांसारख्या भक्तालाही गुरूशिवाय कच्चे मडके ठरवले गेले, आणि ते औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, ही कथा याच जिल्ह्यातली आहे. खेचर हा शब्दही योगाच्या परिभाषेतला. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला पंथराज, म्हणजे प्राण आणि कुंडलिनीचा मार्ग, नाथपरंपरेने गुरुमुखातूनच आलेला मानला जातो. मग अशी विद्या शिबिरात कशी मिळेल? पण कथा नीट ऐकली तर दिसते, की नागनाथाच्या देवळात विसोबांपुढे घडले ते अगदी थोडक्या वेळात: पिंडीवर ठेवलेले पाय, एक प्रश्न, एक जाण. त्या क्षणाने नामदेवांना घडवले असेल तर त्यामागे त्यांचे पंढरीतले सगळे आयुष्य होते. गुरूची भेट छोटी असू शकते. साधना छोटी असून चालत नाही. उलट बाजूचा पुरावा चीननेच दिला. १९८० च्या दशकात छीगोंगची लाट आली, क्रीडांगणे भरून हजारो लोक एका वक्त्यासमोर बसत आणि त्याच्या बोलण्यातूनच शक्ती आपल्यात उतरते, असे मानत. तिथे मेहनतीची जागा भाविकपणाने घेतली आणि चमत्कारांचे दावे वाढत गेले. त्या वेडाचा दोष गर्दीच्या आकाराला देता येणार नाही. दोष होता दुसऱ्या दिवशी सकाळी घरी काहीच करायचे नसल्याचा.

दुसरा आक्षेप असा, की हे चिनी कशाला, आपला प्राणायाम आहेच. त्यावर काहीजण उत्साहाने सांगतात, की चीनमधल्या शाओलिन मठाची विद्या बोधिधर्म या भिक्षूनेच भारतातून नेली. हा आधार घेऊ नये. बोधिधर्माशी जोडलेला ‘यीजिनजिंग’ हा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, आणि ही दंतकथा तांग हाओ या चिनी संशोधकानेच १९३० च्या दशकात खोडून काढली. दोन भूमींनी श्वासाला केंद्र मानले, कारण दोन्हीकडच्या माणसांना एकच छाती आणि एकच पोट होते. यासाठी उसनवारीची वंशावळ लागत नाही. आपले मोठेपण सिद्ध करण्याची गरज सोडली की शिकणेही सोपे होते. बाळंभटदादांनी समोरचा पहिलवान कोणाचा, याची चिंता केली नाही.

राहतो तो व्यवहाराचा प्रश्न. चीनमध्ये २००३ मध्ये छीगोंगचे चार संच ठरावीक स्वरूपात मांडले गेले. त्यातला बादुआनजिन हा आठ हालचालींचा क्रम कोणीही दोन दिवसांत पाठ करू शकतो. खांदा उचलला जातोय, गुडघा पायाच्या बोटांपुढे जातोय, श्वास पोटापर्यंत पोहोचत नाही, या चुका मात्र शिक्षक गेल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू होतात, आणि त्या पकडायला शेजारी दुसरा सराव करणारा लागतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा इथे मारुतीच्या देवळालगतचा एखादा आखाडा पहाटे जागा असेल, तर बाहेरच्या शिक्षकाने दिलेला क्रम तिथे रुजेल. जोर-बैठकांनंतर पंधरा मिनिटे तोही चालेल. आणि सहा महिन्यांनी तोच शिक्षक परत आला, तर त्याला सुधारायला काही तरी सापडेल.