राखीव कलम, हिवाळी बाजार आणि कर्ट फ्लड : अमेरिकन बेसबॉलमधील एका हरलेल्या दाव्याचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम शरद ऋतूच्या अखेरीस संपतो आणि पुढील वसंतापर्यंत मैदाने ओस पडतात. परंतु वृत्तपत्रांतील बेसबॉल थांबत नाही. कोणता खेळाडू कोणत्या संघात गेला, कोणत्या संघाने मॅनेजर बदलला आणि कूपर्सटाउन येथील हॉल ऑफ फेममध्ये यंदा कोणाची निवड होणार, या तीन प्रश्नांवर तेथील रसिक सारा हिवाळा काढतात. शेगडीभोवती बसून केलेल्या गप्पा या अर्थाने या काळाला 'हॉट स्टोव्ह' असे नावच पडले आहे. खेळाच्या इतिहासकारांनी सामन्यांविषयी जेवढे लिहिले त्या मानाने या रिकाम्या महिन्यांचा विचार अलीकडे होऊ लागला आहे. वस्तुतः खेळाडू आणि मालक यांच्यातील संबंधांचे खरे स्वरूप हंगामात नव्हे, तर हंगाम नसताना उघड होते. प्रस्तुत निबंधात १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या एका अदलाबदलीचा आणि तिच्या दीर्घ परिणामांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

राखीव कलमाची रचना

नॅशनल लीगच्या मालकांनी १८७९ मध्ये आपापसात एक ठराव केला. प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत व इतर संघांनी त्यांना घेऊ नये, असा तो ठराव होता. हेतू उघड होता. मालकांमधील स्पर्धेमुळे वेतन वाढत होते, ते रोखावयाचे होते. पुढे पाचांची मर्यादा गेली आणि हे कलम सर्वच खेळाडूंना लागू झाले. जॉन माँटगोमरी वॉर्ड या खेळाडूच्या पुढाकाराने १८८५ मध्ये खेळाडूंचा पहिला संघ स्थापन झाला. १८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची स्वतंत्र लीगही काढली, पण ती एकाच हंगामात कोसळली.

विसाव्या शतकात या कलमाचे जे रूप स्थिर झाले ते कायद्याच्या अभ्यासकांनी मुळातून पाहण्यासारखे आहे. खेळाडूने ठरलेल्या तारखेपर्यंत नव्या करारावर सही केली नाही, तर क्लबला जुना करार 'एका वर्षासाठी' वाढविण्याचा अधिकार होता. मालकांचे म्हणणे असे की, वाढविलेल्या करारात हे वाढविण्याचे कलमही आपोआप येते. म्हणजे एक वर्ष, त्यानंतर आणखी एक वर्ष आणि याप्रमाणे खेळाडूची कारकीर्द संपेपर्यंत. एका साध्या शब्दप्रयोगाच्या या वाचनावर जवळजवळ शंभर वर्षे एक उद्योग उभा राहिला. खेळाडूला क्लब विकू शकत होता, बदलू शकत होता, काढून टाकू शकत होता. खेळाडूच्या हाती मात्र खेळ सोडून देणे एवढाच मार्ग उरला होता.

न्यायालयांनी या व्यवस्थेला जे संरक्षण दिले त्याची कथाही विलक्षण आहे. १९२२ मध्ये न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने असा निर्णय दिला की, बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे. संघ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात ही केवळ आनुषंगिक बाब होय. म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा येथे लागू होत नाही. १९५३ मध्ये टूलसन खटल्यात न्यायालयाने हाच निर्णय कायम ठेवला आणि बदल करावयाचा असल्यास तो काँग्रेसने करावा, असे म्हटले. पुढे मुष्टियुद्ध आणि फुटबॉल यांना अशी सूट नाकारण्यात आली. बेसबॉलची मात्र राहिली. रेडिओ व दूरचित्रवाणीवरून देशभर विकला जाणारा खेळ आंतरराज्य व्यापार नाही, हे म्हणणे १९५३ मध्ये तरी कोणाला मनापासून पटत असेल, असे वाटत नाही.

फ्लडचा नकार

कर्ट फ्लडचा जन्म १९३८ चा, ह्यूस्टनचा. बालपण कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे गेले. अठराव्या वर्षी तो दक्षिणेत नॉर्थ कॅरोलिनामधील एका कनिष्ठ संघाकडून खेळू लागला. ज्या प्रेक्षकांसमोर तो खेळत होता त्यांच्याबरोबर एका उपाहारगृहात बसण्याची मुभा त्याला नव्हती. १९५८ पासून तो सेंट लुई कार्डिनल्समध्ये होता. क्रिकेटच्या परिभाषेत सांगावयाचे तर तो सीमारेषेजवळच्या विस्तीर्ण मध्यक्षेत्राचा रखवालदार होता. १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्याला मिळाला, आणि १९६४ व १९६७ ची जागतिक मालिका जिंकणाऱ्या संघात तो होता. १९६८ च्या मालिकेतील सातव्या व निर्णायक सामन्यात एका उंच चेंडूचा त्याचा अंदाज चुकला. एरवी ज्याच्या हातून काही निसटत नसे त्याच्या हातून निसटलेला तो चेंडू लोकांनी लक्षात ठेवला.

ऑक्टोबर १९६९ मध्ये क्लबच्या एका दुय्यम अधिकाऱ्याने दूरध्वनीवरून फ्लडला कळविले की, त्याची बदली फिलाडेल्फियास झाली आहे. बारा वर्षांच्या सेवेनंतर मालकाने स्वतः बोलण्याचीही तसदी घेतली नाही. या सौद्यात फ्लडसह चार खेळाडू फिलाडेल्फियास जावयाचे होते आणि तेथून तीन खेळाडू सेंट लुईस येणार होते. त्या तिघांत प्रमुख होता डिक ॲलन. हा ॲलनही कृष्णवर्णीय आणि अत्यंत गुणी फटकेबाज. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक त्याच्यावर वस्तू फेकीत, म्हणून तो क्षेत्ररक्षण करतानाही शिरस्त्राण घालीत असे. ज्या शहरातून ॲलनला सुटावयाचे होते त्याच शहरात फ्लडला पाठविले जात होते. एकाच सौद्यात एकाची सुटका आणि दुसऱ्याची सक्ती होती. दोघांनाही कोणी विचारले नव्हते.

फ्लडने त्या डिसेंबरमध्ये खेळाडू संघटनेच्या बैठकीत आपला विचार मांडला. संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर हे पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी फ्लडला स्पष्ट सांगितले की, दावा जिंकण्याची शक्यता फार कमी आहे आणि जिंकला तरी त्याचा लाभ तुला मिळणार नाही. फ्लड मागे हटला नाही. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. आपल्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री करण्याजोगी आपण मालमत्ता नाही, असा त्या पत्राचा आशय होता. पुढे एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्याला वर्षाला ९० हजार डॉलर मिळत असताना गुलामगिरीची भाषा कशी शोभते, असे विचारण्यात आले. त्यावर भरपूर वेतन मिळणारा गुलामही गुलामच असतो, असे त्याचे उत्तर होते.

हा शब्द अनेकांना अतिशयोक्त वाटला, आजही वाटतो. मराठी वाचकाला तो तितका परका वाटू नये. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा त्यांनी हा शब्द केवळ साखळदंडांपुरता मर्यादित ठेवला नव्हता. फ्लडचे उत्पन्न आणि त्याची अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्याच्या टीकाकारांनी त्या नेमक्या एक केल्या.

दावा आणि निकाल

माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग फ्लडचे वकील झाले. १९७० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क येथे सुनावणी झाली तेव्हा निवृत्त जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग यांनी फ्लडच्या बाजूने साक्ष दिली. त्या काळी खेळत असलेल्या खेळाडूंपैकी एकही न्यायालयात येऊन बसला नाही. ही गोष्ट फ्लडला शेवटपर्यंत बोचत राहिली असल्यास नवल नाही. संघटनेने ठराव करणे वेगळे आणि आपल्या मालकाच्या डोळ्यांदेखत बाकावर बसणे वेगळे. संघटनात्मक कामाचा थोडाफार अनुभव असलेल्या कोणालाही हा फरक समजेल.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडचा दावा फेटाळला. न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांच्याकडे कार्डिनल्सच्या मालक कंपनीचे समभाग असल्याने ते बाजूला राहिले. बहुमताचे निकालपत्र हॅरी ब्लॅकमन यांनी लिहिले. त्याचा आरंभ बेसबॉलच्या गौरवगाथेने होतो आणि त्यात ऐंशीहून अधिक खेळाडूंची नामावळी येते. दोन सहकाऱ्यांनी या भागाला संमती देण्याचे टाळले. बेसबॉलला मिळालेली सूट ही विसंगती आहे हे ब्लॅकमन यांनी मान्य केले, तरीही ती दुरुस्त करणे हे काँग्रेसचे काम ठरविले. डग्लस, ब्रेनन आणि थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत नोंदविले.

तोपर्यंत फ्लडची कारकीर्द संपली होती. १९७० चा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही. १९७१ मध्ये वॉशिंग्टन संघाने त्याला घेतले, परंतु १३ सामन्यांनंतर तो निघून गेला आणि स्पेनच्या मायोर्का बेटावर राहू लागला.

स्वातंत्र्य आले कोठून?

लोकप्रिय लेखनात फ्लडने खेळाडूंना मुक्त केले असे सरसकट म्हटले जाते. इतिहासाच्या दृष्टीने हे विधान बरोबर नाही. फ्लड हरला. मुक्तता न्यायालयातून आलीच नाही; ती लवादाच्या दालनातून आली. १९७० मध्ये, म्हणजे फ्लडचा दावा चालू असताना, मालकांनी खेळाडू संघटनेशी झालेल्या करारात निःपक्षपाती लवादाची तरतूद मान्य केली. याआधी खेळाडूंच्या गाऱ्हाण्यांवर आयुक्तच अंतिम निर्णय देत, आणि आयुक्त नेमणारे मालकच. मालकांच्या वकिलांनी न्यायालयात असाही युक्तिवाद केला होता की, राखीव कलम हा न्यायालयाचा विषय नसून सामूहिक वाटाघाटींचा विषय आहे. न्यायालयात उपयोगी पडलेला हा युक्तिवाद पुढे त्यांच्याच अंगावर उलटला.

१९७५ चा हंगाम अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांनी नव्या करारावर सही न करता सुरू केला. वर्ष संपल्यावर त्यांनी विचारले की, 'एक वर्ष' म्हणजे किती वर्षे? २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी उत्तर दिले की, एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी त्यांना तत्काळ पदमुक्त केले, परंतु संघीय न्यायालयांनी निर्णय कायम ठेवला. १९७६ च्या करारानुसार सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडूला मुक्त होण्याचा हक्क मिळाला. १९७६ मध्ये सरासरी वेतन सुमारे ५१ हजार डॉलर होते. १९८० मध्ये ते सुमारे १ लाख ४३ हजार झाले. हिवाळ्यातील बाजार आपण ज्या अर्थाने जाणतो तो या वर्षांत जन्मास आला. त्यापूर्वीही हिवाळ्यात माणसे इकडची तिकडे जात, परंतु बाजारात त्यांचा आवाज नव्हता. मालकांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास मुक्त खेळाडूंना बोली न लावण्याचा छुपा कट करून पाहिला. लवादांनी तो उघडकीस आणल्यावर १९९० मध्ये २८ कोटी डॉलरची भरपाई त्यांना मान्य करावी लागली.

मग फ्लडचे श्रेय कोणते? त्याच्या दाव्याने हा प्रश्न क्रीडापृष्ठावरून उचलून सार्वजनिक न्यायाच्या प्रश्नांत नेऊन ठेवला आणि मालकांना वाटाघाटींच्या मेजाकडे ढकलले, असे म्हणता येईल. १९७३ च्या करारात एक तरतूद आली : दहा वर्षे खेळलेल्या आणि शेवटची पाच वर्षे एकाच संघात असलेल्या खेळाडूला आपली बदली नाकारता येईल. १९६९ मध्ये फ्लड या दोन्ही अटी पूर्ण करीत होता.

मॅनेजरची खुर्ची

फ्लडच्या दाव्याच्या काळातच दुसरा एक दरवाजा ठोठावला जात होता. बेसबॉलमधील मॅनेजर म्हणजे कार्यालयीन व्यवस्थापक नव्हे. सामन्यातील डावपेच ठरविणारा तो संघाचा प्रमुख असतो. कृष्णवर्णीय खेळाडू १९४७ पासून मोठ्या लीगमध्ये होते, मात्र या जागेवर एकही नव्हता. जॅकी रॉबिन्सन यांनी १९७२ च्या ऑक्टोबरात जागतिक मालिकेच्या वेळी जाहीरपणे ही खंत व्यक्त केली. नऊ दिवसांनी त्यांचे निधन झाले. १९७४ च्या ऑक्टोबरात क्लीव्हलँडने फ्रँक रॉबिन्सनची नेमणूक केली. ८ एप्रिल १९७५ रोजी खेळाडू व मॅनेजर या दुहेरी नात्याने उतरलेल्या फ्रँकने पहिल्याच फलंदाजीत होम रन मारला. १९७७ मध्ये त्याला काढण्यात आले. खेळू द्यावे, पण नेतृत्व देऊ नये, ही वृत्ती आपल्याकडेही अपरिचित नाही. पालवणकर बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

स्मृतीचे राजकारण

कूपर्सटाउनचे हॉल ऑफ फेम १९३९ मध्ये खुले झाले. निवडीसाठी क्रीडा पत्रकारांची ७५ टक्के मते लागतात आणि नियमांत कामगिरीबरोबरच सचोटी व चारित्र्य यांचाही उल्लेख आहे. बॅरी बाँड्स आणि रॉजर क्लेमेन्स यांना उत्तेजक द्रव्यांच्या संशयामुळे २०२२ पर्यंतच्या दहा वर्षांत हा टप्पा गाठता आला नाही, तेव्हा चारित्र्याच्या याच निकषावर मोठा वाद झाला. फ्लडच्या बाबतीत चारित्र्याचा निकष कोणाला आठवल्याचे दिसत नाही. १९९६ च्या त्याच्या अखेरच्या मतदानात त्याला सुमारे १५ टक्के मते पडली. जानेवारी १९९७ मध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाले. १९९८ मध्ये काँग्रेसने त्याच्या नावाचा कायदा संमत करून मोठ्या लीगमधील खेळाडूंच्या नोकरीविषयक बाबींपुरती १९२२ ची सूट काढून घेतली.

२००७ च्या डिसेंबरात हॉलच्या एका समितीने ज्यांच्याविरुद्ध फ्लडने दावा लावला त्या बोवी कून यांना मरणोत्तर निवडले. बारांपैकी दहा मते त्यांना मिळाली. त्याच मतदानात मिलर यांना तीन मते पडली. पुढच्या वर्षी मिलर यांनी आपले नाव पुन्हा यादीत घेऊ नये, असे कळविले. तरी ते घेतले गेले, आणि २०१० मध्ये एका मताने हुकले. २०१२ मध्ये मिलर वारले. निवड झाली ती २०१९ च्या डिसेंबरात, आणि साथीमुळे लांबलेला समारंभ सप्टेंबर २०२१ मध्ये पार पडला.

प्रस्तुत लेखकाच्या मते फ्लडची अडचण हॉलच्या वर्गवारीत आहे. हॉलमध्ये खेळाडू वेगळे आणि प्रशासक वेगळे. खेळाडू म्हणून फ्लडची फलंदाजीची सरासरी .२९३ आणि १,८६१ हिट. हे आकडे चांगले असले तरी सीमारेषेच्या अलीकडेच राहतात. प्रशासक तो कधीच नव्हता. त्याचे सर्वांत मोठे कार्य खेळून नव्हे, तर न खेळून झाले, आणि न खेळलेल्या हंगामासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही. तो हंगाम खेळला असता तर हिटची संख्या वाढली असती, हा मुद्दा त्याचे समर्थकही सहसा मांडत नाहीत.

२०२० मध्ये काँग्रेसच्या शंभराहून अधिक सदस्यांनी हॉलकडे फ्लडचा विचार करण्याची मागणी केली. २०२४ च्या डिसेंबरात अभिजात कालखंडाच्या समितीने दोन खेळाडू निवडले. त्यांपैकी एक २०२० मध्ये दिवंगत झालेला डिक ॲलन होता, ज्याच्या बदल्यात १९६९ मध्ये फ्लडला पाठविण्यात आले होते. समितीपुढील आठ नावांच्या त्या यादीत फ्लडचे नाव नव्हते.