नवा पैसा आणि जुना किलो

घरातील जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे साठवण्यासाठी मी एक टेराबाइटची डिस्क आणली. संगणकाला जोडली, तर पडद्यावर आकडा आला ९३१ गिगाबाइट. मापात पाप आहे असेच प्रथम वाटले. शोध घेतल्यावर कळले की एकही बाइट कमी नव्हता. डिस्कवर सांगितल्याप्रमाणे एक लाख कोटी बाइट होते. मात्र संगणक त्यांना तीनदा १०२४ ने भागत होता आणि विकणाऱ्याने तीनदा हजाराने भागले होते.

‘बाइट’ हा शब्द वेर्नर बुखहोल्ट्झ यांनी १९५६ साली आयबीएममध्ये घडवला. संगणकाच्या स्मृतीत पत्ता सांगणारी एक तार वाढली की जागा दुप्पट होतात. दहा तारांनी १०२४ जागा मिळतात. हजाराच्या इतका जवळचा आकडा म्हणून अभियंत्यांनी त्यालाच ‘किलो’ म्हटले. चुंबकीय तबकडीवर असे दुपटीचे बंधन नव्हते. आयबीएमच्या १९५६ सालच्या पहिल्या डिस्कची क्षमता ५० लाख अक्षरे अशी दशमानातच सांगितली गेली. एकाच यंत्रात दोन हिशेब नांदू लागले ते असे.

धोका कुणाला दिसलाच नाही, असे नाही. १९६८ साली डोनाल्ड मॉरिसन यांनी १०२४ साठी ‘कप्पा’ हे ग्रीक अक्षर वापरावे असे सुचवले. ते रुजले नाही. फरक किरकोळ वाटत होता. पण किलोला २.४ टक्के असलेला हा फरक मेगाला ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळजवळ १० टक्के होतो. फ्लॉपीने तर कहरच केला. तिचे १.४४ मेगाबाइट म्हणजे १४४० गुणिले १०२४ बाइट. हा मेगाबाइट ना पूर्ण दशमान, ना पूर्ण द्विमान!

आपल्याकडे याच काळात असाच पेच उभा राहिला होता. जुना रुपया सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा. म्हणजे तोही दुपटी-निमपटीच्या हिशेबावर चालणारा. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग झाले. नाव पैसाच, किंमत वेगळी. म्हणून नाण्यावर ‘नया पैसा’ अशी अक्षरे आली. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे सरळ होत. एका आण्याचे मात्र सव्वासहा. १९६४ साली, गोंधळाची भीती सरल्यावर, ‘नया’ हे विशेषण काढून टाकण्यात आले.

संगणकाच्या जगाला असे विशेषण सुचले ते फार उशिरा. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी नावे दिली. तोवर जुनी सवय हाडीमासी खिळली होती. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले; २०२० साली कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइटच, असे मानून पेनड्राइव्हबद्दलची तक्रार फेटाळली. अॅपलने २००९ पासून आपल्या मॅक संगणकांवर दशमान मोजणी स्वीकारली. इतर अनेक प्रणाली आजही १०२४ ने भागतात आणि नाव मात्र ‘गिगा’च लिहितात.

दोन मापे असण्यात मला दोष दिसत नाही. दोन्हींना आपापले कारण आहे. दोष आहे तो त्यांना एकच नाव ठेवण्यात. आपल्या टांकसाळीने नाणे बाजारात आणतानाच त्यावर ‘नया’ हा शब्द कोरला. संगणकाच्या जगाने तेवढी काळजी वेळेवर घेतली नाही.