सुई झिजावी कीं तबकडी?

सहाणेवर चंदनाचें खोड झिजतें, दळून दळून जातें झिजतें व त्याला टांकी लावावी लागते. दोन वस्तु एकमेकींवर घांसल्या जाऊं लागल्या म्हणजे एकीला तरी झिजावेंच लागतें. ग्रामोफोनच्या बाबतींत हा नियम विशेष कठोर होतो. कारण येथें झीज तबकडीची झाली तर ती नुसत्या वस्तूची नसून तींत सांठविलेल्या आवाजाची असते. तबकडी आणि तिच्यावरून फिरणारी सुई या दोघींपैकीं झीज कोणीं सोसावी, या प्रश्नाचें उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यावर पुरतें उलटलें. हा पालट ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ घरांतील जुन्या तबकड्या जपण्याच्या हौसेनेंच बिघडतात. म्हणून त्याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एडिसननें १८७७ सालीं जें यंत्र सिद्ध केलें त्यांत आवाज कथलाच्या वर्खावर उमटत असे. पुढें दहा वर्षांनीं, १८८७ सालीं, एमिल बर्लिनर यानें सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचें पेटंट घेतलें. आरंभीं कठीण रबराच्या तबकड्या निघत. पण एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच रबराची जागा लाखेनें घेतली. ही लाख बहुतांशीं आपल्याच देशांतली. पळस, बोर व कुसुंब या झाडांच्या डहाळ्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा रस सोडतात, तो खरवडून, धुऊन व वितळवून त्याचा चपडा करीत, आणि तो जहाजांत भरून युरोप-अमेरिकेस जाई. नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग यानें गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें; त्या तबकड्या जर्मनींतील हनोव्हर येथें छापून इकडे आल्या. इकडची लाख तिकडे जाऊन इकडचाच आवाज घेऊन परत आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तबकड्या छापण्याचा कारखाना कलकत्त्यांत सियालदह येथें निघाला तो १९०८ सालीं.

परंतु लाखेच्या तबकडींत लाख थोडी आणि दगडाची पूडच फार, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. पाटीच्या दगडाचें किंवा चुनखडीचें पीठ, काजळी आणि कापसाचे तंतु यांना एकत्र बांधून ठेवणें एवढेंच लाखेचें काम. ही दगडी पूड मुद्दामच घातलेली असे. त्या काळच्या यंत्राचा ध्वनिपेटीसह दांडा सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकी. एवढ्या भाराखालीं पोलादी सुई, म्हणजे घरोघर जिला ‘पिन’ म्हणत ती, तबकडीच्या पहिल्या कांहीं फेऱ्यांतच खरवडली जाऊन चाकोरीच्या आकाराची होई, आणि मग तिचा भार चाकोरीच्या दोन्ही बाजूंवर सारखा पडे. मात्र मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगानें सुमारें तीन मिनिटांचें गाणें संपेपर्यंत त्याच सुईला धारदार कडा येत. म्हणून प्रत्येक बाजूस नवी सुई लावावी, असा दंडक होता, व त्यासाठींच सुयांच्या डब्या विकत मिळत. काटकसरी यजमान एकच सुई चारपांच गाण्यांना चालवीत. त्यांचा पैशाचा फायदा होई खरा, पण दुसऱ्या गाण्यापासून सुईची ती कड चाकोरी कापूं लागे. कांहीं शौकीन बांबूच्या किंवा कांट्याच्या सुया वापरीत, त्या अधिकच मऊ. एकंदरींत, सुई स्वस्त व मरणारी, तबकडी महाग व टिकणारी, असा हा करार होता. मखमलीच्या गादीनें धूळ पुसावी आणि सुई बदलावी, एवढ्यांत मालकाचें कर्तव्य संपे.

हा करार मोडला तो दुसऱ्या महायुद्धानें. पूर्वेकडून येणाऱ्या लाखेचा पुरवठा अडचणींत येतांच १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें तिच्या वापरावर कडक निर्बंध घातले. दुसऱ्याच वर्षीं सैनिकांसाठीं ‘व्ही-डिस्क’ नांवाच्या ज्या तबकड्या निघाल्या, त्यांना विनाइल हें कृत्रिम द्रव्य वापरण्यांत आलें. जून १९४८ मध्यें कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी विनाइलची दीर्घ तबकडी बाजारांत आणली. सुईच्या टोंकाची त्रिज्या पूर्वीं सुमारें तीन सहस्रांश इंच असे, ती आतां एक सहस्रांशावर आली. भारही उतरत गेला आणि आजच्या चांगल्या यंत्रांत तो दीड-दोन ग्रॅमच असतो. विनाइलमध्यें दगडाची पूड नसल्यामुळें खरखर नाहींशी झाली. पण सुईला घडविणारेंही कांहीं उरलें नाहीं. तेव्हां ती आधींच घडवून, नीलमण्याची व पुढें हिरकणीची करावी लागली. आतां सुई कठीण व महाग, तबकडी मऊ. झीज सोसण्याची पाळी तबकडीवर आली.

त्यांतच विनाइल घर्षणानें विद्युद्भारित होऊन हवेंतील धूळ ओढून घेतें, आणि हिरकणी ती धूळ मऊ भिंतींत चेपते. म्हणूनच १९५० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत सेसिल वॉट्स यांनीं ‘डस्ट बग’ हें साधन केलें. तबकडी वाजत असतांनाच त्याचा लहानसा ब्रश चाकोरींतील धूळ झाडीत जाई. पूर्वीं जें काम मरणारी सुई करी, तें आतां जपणाऱ्या हातानें करावयाचें आहे.

यावरून दोन जातींच्या तबकड्यांची निगा वेगळी कां, हें सहज कळेल. विनाइलची तबकडी वाजविण्यापूर्वीं मऊ ब्रशानें चाकोरीच्या दिशेनेंच झाडावी. मळ चिकटला असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यानें, मधला कागद न भिजवितां, धुवावी. हिरकणीवरील कचरा बारीक ब्रशानें मागून पुढें काढावा, आडवा कधीं नाहीं. आणि झिजलेली हिरकणी कानशीचें काम करते, म्हणून ती वेळींच बदलावी. लाखेच्या तबकडीस मात्र मद्यार्काचा थेंबही लावूं नये, कारण लाख त्यांत विरघळते. विनाइलसाठीं विकत मिळणारे कित्येक द्राव मद्यार्कयुक्त असतात, हें विसरूं नये. दोन्ही जातींच्या तबकड्या उभ्या ठेवाव्या आणि पावसाळ्यांत बुरशीवर नजर असावी. दीर्घ तबकडीच्या बारीक सुईनें लाखेची तबकडी वाजविली तर ती सुई चाकोरीच्या तळाशीं जाऊन नुसती खरखर ऐकविते. उलट, पोलादी सुईखालीं विनाइल एकदां घातलें कीं तें कायमचें गेलें.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांच्या गायकीची कीर्ति आपण ऐकतों, पण त्यांच्या आवाजाची तबकडी उपलब्ध नाहीं. अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं गेले, तरी त्यांचा आवाज लाखेच्या चाकोरींत राहिला आहे. बालगंधर्वांचा उमेदीचा गळाही तसाच राहिला. जुन्या तबकड्या ज्या धातूच्या सांच्यांवरून छापल्या, ते पुष्कळदां आज उरलेले नाहींत. अशा वेळीं एखाद्या घरच्या कपाटांत राहिलेली प्रत हीच त्या गाण्याची मूळ प्रत ठरते, आणि तिच्यावरून आजच्या साधनांनीं घेतलेली नक्कल मूळ प्रत जितकी निर्मळ असेल तितकीच निर्मळ उतरते. म्हणून आजोबांची पेटी उघडणारानें प्रथम तबकडी लाखेची कीं विनाइलची हें ओळखावें, मग ब्रश उचलावा, आणि सुई सर्वांत शेवटीं ठेवावी.